दिवा लुकलुकतो तेव्हा

मंडळी, आज मी तुम्हाला एका दिव्याची गोष्ट सांगणार आहे. हा दिवा देवघरातला नाही आणि रस्त्यावरचाही नाही. मोटारीच्या स्टिअरिंगमागे, वेगाच्या काट्याशेजारी तो गुपचूप बसलेला असतो. गाडी धडधाकट असेतो त्याची आठवणही होत नाही. पण एखाद्या दिवशी तो पिवळा होऊन पेटतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. त्यातून गाडी ऑटोमॅटिक गिअरची आणि जुनी असेल, तर विचारूच नका. कारण गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘साहेब, गिअरबॉक्स गेला.’

हे वाक्य मी पहिल्यांदा १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऐकलं. मी तेव्हा शिक्षणासाठी अमेरिकेत, मिशिगन राज्यात होतो. आम्ही तीन मराठी मुलांनी पैसे जमवून एक जुनी मोटार घेतली होती. वय दहा वर्षं, रंग उडालेला, हीटर मात्र उत्तम. तिथल्या थंडीत हीटर चालतो म्हटल्यावर आम्ही बाकी काही पाहिलंच नाही. जानेवारीत एका सकाळी गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये अडकून बसली. सिग्नलवरून उठताना म्हाताऱ्या बैलासारखी कण्हायची आणि मोठ्या रस्त्यावर चौथा गिअर घ्यायला तयार नसायची. पहिल्या गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा आकडा कागदावर लिहून दिला. तो आकडा आम्ही गाडी घेतली त्या किमतीपेक्षा मोठा होता.

सोबतच्या एका मुलाने दुसऱ्या, वयस्क मिस्त्रीचं नाव काढलं. त्याने गाडी उघडलीच नाही. डॅशबोर्डखाली वाकून त्याने एका सॉकेटच्या दोन छिद्रांत कागदाला लावायची तारेची पिन वाकवून घातली, किल्ली फिरवली आणि दिव्याकडे बघत बसला. दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. तो ओठांतल्या ओठांत मोजत होता. मग त्याने तेलकट वहीत दोन आकडे लिहिले, गाडी वर उचलली आणि गिअरबॉक्सच्या कुशीत शिरणारा वायरींचा एक जोड उघडला. आतल्या पितळी पिनांवर हिरवा गंज चढला होता. हिवाळ्यात तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्या खारट पाण्याचा तो प्रताप. ब्रशने जोड घासला, पुन्हा घट्ट बसवला, आणि गाडी चारही गिअर घेऊ लागली. बिल वीस डॉलरच्या आत होतं.

त्या दिवशी मला दोन प्रश्न पडले. हा दिवा बोलायला कधी आणि कुणामुळे शिकला? आणि एकच दिवा बघून एकाला पूर्ण गिअरबॉक्स दिसतो, तर दुसऱ्याला एक गंजलेला जोड, हे कसं?

तेलाची बुद्धी

पहिल्या प्रश्नासाठी थोडं मागे जायला हवं. ऑटोमॅटिक गिअरच्या मुळाशी असलेली युक्ती मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी शोधली गेली. हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू केला तरी त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. वाऱ्याच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा, की झालं. इंजिन आणि चाकं यांच्यात लोखंडाचा घट्ट सांधा राहत नाही. गाडी उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही आणि पायाखालच्या क्लचची गरज संपते.

या युक्तीला आपोआप बदलणाऱ्या गिअरांची जोड देऊन जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ जाहीर केला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो बसवला. त्याच्यामागे अर्ल थॉम्प्सन हा अभियंता होता. साध्या गिअरबॉक्समधला खडखडाट थांबवणारी सिंक्रोमेश रचनाही त्याचीच. हायड्रामॅटिकला पुढे जाण्याचे चार गिअर होते आणि तो जादा ५७ डॉलरला मिळत असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही तो बसला. १९५३ च्या ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या लिव्होनिया इथला हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला. तेव्हा कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल या दिमाखदार गाड्यांना काही काळ ब्यूइकचा गिअरबॉक्स उसना घेऊन बाहेर पडावं लागलं. चौदा वर्षांत अमेरिकी माणूस या सुखाला इतका सरावला होता, की क्लचची गाडी देऊन त्याची समजूत काढणं कंपन्यांना परवडलं नसतं.

या गिअरबॉक्सला विजेची एक तारही लागत नसे. मग गिअर कधी बदलायचा हे त्याला कळायचं कसं? तेलाच्या दाबावरून. गाडीचा वेग वाढला की एका बाजूने तेलाचा दाब वाढे. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की दुसऱ्या बाजूने वाढे. मध्ये एक छोटा दट्ट्या आणि त्याच्या दोन टोकांवर या दोन दाबांची रस्सीखेच. वेगाची बाजू जिंकली की दट्ट्या सरके आणि पुढचा गिअर पडे. अशा दट्ट्यांनी आणि नागमोडी वाटांनी भरलेला ॲल्युमिनियमचा किंवा बिडाचा ठोकळा म्हणजे या गिअरबॉक्सचा मेंदू. त्याला ‘व्हॉल्व्ह बॉडी’ म्हणतात. वारुळाचा आडवा छेद पाहिलात तर त्याची कल्पना येईल.

या मेंदूला बुद्धी होती, पण वाचा नव्हती आणि स्मरणशक्तीही नव्हती. तो आजारी पडला तर मिस्त्रीलाच वैद्य व्हावं लागे. डिपस्टिक काढून तेल बोटांवर घ्यायचं. ते लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी झालं असेल आणि करपल्याचा वास असेल, तर आतल्या क्लच प्लेट जळल्या. मग ठोकळ्याच्या छिद्रात दाबमापक लावायचा आणि गाडी रस्त्यावर न्यायची. कधी ब्रेक घट्ट दाबून, गिअर टाकून, दोन-चार सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि इंजिनचे फेरे किती होतात ते पाहायचं. फेरे अवाजवी वाढले तर क्लच निसटतो आहे असं समजायचं. कान, नाक, बोटं आणि एक दाबमापक, एवढीच सामग्री. तीही चांगली चाले, पण एका दुखण्यापुढे हरे. ते दुखणं म्हणजे अधूनमधून होणारा बिघाड. मुलाचा ताप डॉक्टरच्या दारात उतरतो, तसा हा बिघाड गॅरेजच्या दारात पळून जाई. मिस्त्रीसमोर गाडी शहाण्यासारखी वागे आणि घराच्या वाटेवर पुन्हा रुसे.

धुरक्यातून आलेला दिवा

गाडीला वाचा फुटली ती मिस्त्रीच्या सोयीसाठी नव्हे. त्याचं कारण गिअरबॉक्सपासून फार दूर, लॉस एंजेलिसच्या हवेत होतं.

१९४३ च्या जुलैमध्ये त्या शहरावर असं दाट, डोळे चुरचुरवणारं धुरकं पसरलं, की युद्धाचे दिवस असल्याने हा शत्रूचा वायुहल्ला तर नाही ना, अशी शंका लोकांना आली. पुढे आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला. हा माणूस अननसाच्या स्वादावर संशोधन करत होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं, की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाश पडून ओझोन तयार होतो आणि तोच हे धुरकं घडवतो. शहराची हवा नासवणारा शत्रू नागरिकांच्या दारातच उभा होता. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवा संसाधन मंडळ स्थापन केलं आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० मध्ये साऱ्या अमेरिकेसाठी स्वच्छ हवेचा कडक कायदा आला.

हा कायदा पाळायचा तर इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण क्षणोक्षणी जुळवणं भाग होतं. ते काम जुन्या कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून मोटारीत संगणक शिरला. जनरल मोटर्सने १९८१ च्या आपल्या गाड्यांत तो सरसकट बसवला आणि त्याच्याबरोबर डॅशबोर्डवर ‘इंजिन तपासा’ असं सांगणारा दिवा आला. बिघाड झाला की संगणक त्याचा आकडा स्मरणात ठेवी. सॉकेटमधल्या दोन टोकांना तारेने जोडलं की तोच दिवा आकडे सांगू लागे. एकदा लुकलुकला, थोडा थांबला, मग दोनदा लुकलुकला म्हणजे बारा. बाराचा आकडा तीनदा आला, की संगणक शुद्धीवर आहे असं समजायचं आणि पुढचे आकडे मोजायचे. पूर्वीच्या तारबाबूने कट्ट-कडकट्ट ऐकून तार लिहावी, तसाच हा प्रकार.

गिअरबॉक्स या बोलक्या कुटुंबात आला तो पेट्रोलच्या महागाईमुळे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून मोटारींच्या इंधनखपतीवर बंधन आणलं. मघाच्या दोन पंख्यांच्या युक्तीत थोडी शक्ती वाया जाते, कारण दुसरा पंखा पहिल्याच्या जरा मागेच राहतो. मोठ्या रस्त्यावर सरळ वेगाने जाताना ही उधळपट्टी कशाला? म्हणून तेवढ्या वेळापुरते दोन्ही पंखे एका क्लचने घट्ट बांधायची सोय झाली. ती गाठ कधी मारायची आणि कधी सोडायची हे ठरवायला संगणकाने विजेवर चालणारी एक झडप, म्हणजे सोलेनॉइड, हाताशी घेतली. मग एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. १९८० च्या दशकात टोयोटासारख्या जपानी कंपन्यांनी गिअर बदलण्याचं कामच सोलेनॉइडवर सोपवलं. १९८९ मध्ये क्रायसलरने ए-६०४ हा गिअरबॉक्स आणला. त्याचा संगणक क्लच प्लेटांची झीज लक्षात घेऊन प्रत्येक गिअरबदल स्वतः जुळवून घेई. कल्पना काळाच्या पुढची होती. पण सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, की गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या अमेरिकेतल्या एका पिढीचं शिक्षण त्याच्यावरच झालं. त्यातला एक धडा असा, की चुकीच्या जातीचं तेल घातलं तरी गिअरबॉक्स आजारी पडतो आणि दोष मात्र यंत्राच्या माथी येतो.

याच काळातली एक सोय मला फार माणुसकीची वाटते. संगणकाला काही गंभीर गडबड दिसली, तर तो सोलेनॉइडचा वीजपुरवठा तोडून टाकतो. मग तेलाच्या वाटा अशा आखलेल्या असतात, की वीज नसताना एक गिअर आपोआप पडून राहावा. कुठे दुसरा, कुठे तिसरा. मागे जाण्याचा गिअरही चालतो. गाडी लंगडत का होईना, पण घरी पोहोचते. आमची मिशिगनमधली गाडी तिसऱ्यात अडकली होती ती याचमुळे. गिअरबॉक्स मेला नव्हता. तो आम्हाला घरी पोहोचवत होता.

बारा कोसांवर भाषा

आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. या दिव्यांच्या बाबतीत दर कंपनीगणिक बदलली. टोयोटात ‘ओव्हरड्राइव्ह ऑफ’चा दिवा लुकलुके. बासष्ट आणि त्रेसष्ट म्हणजे गिअर बदलणाऱ्या दोन सोलेनॉइडची तक्रार, एकसष्ट म्हणजे वेग मोजणाऱ्या एका सेन्सरची. होंडात ‘डी-४’ हे अक्षर लुकलुके. क्रायसलरमध्ये पिनेची गरज नव्हती. किल्ली पाच सेकंदांत चालू-बंद-चालू-बंद-चालू केली की दिवा बोलू लागे. पण त्यात पंचेचाळीस हा आकडा आला तर त्याचा अर्थ एवढाच, की दुखणं गिअरबॉक्सच्या वेगळ्या संगणकाकडे लिहून ठेवलं आहे, तिकडे जाऊन विचारा. आणि तिकडे विचारायचं तर कंपनीचं खास यंत्र लागे. कुणाचं सॉकेट बॉनेटखाली, कुणाचं डॅशबोर्डखाली, कुणाचं आणखी कुठे. छोट्या गॅरेजवाल्याने किती यंत्रं घ्यायची आणि किती वह्या पाठ करायच्या?

ही बजबजपुरी मोडली ती पुन्हा कॅलिफोर्नियाने. १९८८ च्या मॉडेलपासून त्या राज्याने गाडीला स्वतःचे दोष ओळखण्याची सक्ती केली होती. पण भाषा एक नव्हती. दुसऱ्या फेरीत तीही एक केली गेली आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला आणि हलक्या ट्रकला ती लागू झाली. सॉकेट एकच, सोळा पिनांचं, चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली. आणि दोषांचे आकडेही एका साच्याचे.

हा साचा समजून घेतला की अर्धी भीती जाते. पहिलं अक्षर ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. त्यापुढे शून्य असेल तर तो सर्व कंपन्यांचा सामाईक आकडा, एक असेल तर बहुधा त्या कंपनीचा खासगी. त्यापुढचा अंक सात असेल, तर गोष्ट गिअरबॉक्सची. शेवटचे दोन अंक नेमकी तक्रार सांगतात. गिअरबॉक्सचा बिघाड या यादीत का आला? गाडी चुकीच्या गिअरमध्ये चालली की इंधन जास्त जळतं आणि धूरही जास्त होतो, म्हणून. थोडक्यात, गिअरबॉक्सची रोगलक्षणं जगाला कळली ती हवेच्या काळजीपोटी.

यातला सर्वांत बदनाम आकडा म्हणजे पी०७००. तो दिसला की अनेकांना गिअरबॉक्स गेलाच असं वाटतं. खरं तर हा आकडा कोणताही भाग खराब आहे असं सांगत नाही. गिअरबॉक्सच्या संगणकाने इंजिनच्या संगणकाला सांगितलेला तो निरोप असतो, की माझ्याकडे काहीतरी नोंद आहे, दिवा लाव. क्रायसलरच्या त्या जुन्या पंचेचाळीसचाच हा नवा अवतार. चिठ्ठी घेऊन आलेल्या पोऱ्यालाच रोगी समजून झोपवावं, तसं पी०७०० वरून गिअरबॉक्स उतरवणं होय. चिठ्ठी कुणाची ते आत जाऊन वाचायला हवं. स्वस्तातले काही स्कॅनर इंजिनच्या संगणकापाशीच थांबतात आणि घोटाळा तिथेच होतो.

आतल्या नोंदी दोन स्वभावांच्या असतात. एक विजेच्या आणि दुसऱ्या वागणुकीच्या. समजा पी०७५३ आला. म्हणजे पहिल्या सोलेनॉइडच्या विजेच्या वाटेत खोट आहे. वायर तुटली, जोड गंजला, किंवा सोलेनॉइडची गुंडाळी जळली. पी०७५१ मात्र वेगळं सांगतो. वीज नीट गेली, हुकूमही पोहोचला, पण अपेक्षित परिणाम दिसला नाही. म्हणजे झडप कचऱ्याने अडकली असेल किंवा तेलाचा दाब कमी असेल. दोन्हींत सोलेनॉइडचं नाव आहे, पण एकाचा शोध मीटर घेऊन वायरीत करायचा आणि दुसऱ्याचा तेलात.

आता पी०७३०. चुकीचं गिअर-प्रमाण. हे संगणकाला कसं कळतं, ते साध्या भागाकाराने पाहू. मघाच्या ए-६०४ मध्ये दुसऱ्या गिअरचं प्रमाण १.५७ आहे. आत येणारा दांडा मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल, तर बाहेर जाणारा सुमारे १,९१० फिरायला हवा. दोन सेन्सर हे दोन्ही वेग मोजत असतात. बाहेरचा वेग १,५०० निघाला तर प्रमाण होतं बरोबर २. या गिअरबॉक्सचे गिअर २.८४, १.५७, १ आणि ०.६९ असे आहेत. दोन हे कशातच बसत नाही. याचा अर्थ क्लच प्लेट निसटत आहेत. किंवा, आणि हा ‘किंवा’ फार महत्त्वाचा आहे, दोनपैकी एक सेन्सर खोटं बोलत आहे. भागाकार बरोबर असतो, पण त्यात घातलेले आकडे खरे आहेत का, हे माणसालाच पडताळावं लागतं.

जुन्या गाडीची तपासणी

जुन्या गाडीच्या बाबतीत हा पडताळा आणखी गरजेचा. वीस वर्षं उन्हापावसात राहिलेल्या वायरीचं आवरण तडकतं, जोडांत ओल शिरते, बॅटरीची जमिनीची तार सैल होते. म्हणून जाणते मिस्त्री एक क्रम पाळतात. सगळे आकडे आधी कागदावर उतरवून घ्यायचे. बॅटरीची तार काढली की अनेक गाड्यांची स्मृती पुसली जाते, आणि पुरावा आपल्याच हाताने नाहीसा होतो. नव्या पद्धतीच्या गाड्यांत दोष घडला त्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनचे फेरे यांचीही नोंद असते. तीही लिहून घ्यायची. मग तेल पाहायचं, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या रीतीने. बहुतेक गाड्यांत ते इंजिन चालू आणि गरम असताना बघतात, काहींत इंजिन बंद करून. मग बॅटरीचा दाब आणि जमिनीच्या तारा. वीज अशक्त असली की संगणक एकदम चार-पाच तक्रारी करतो, आणि त्यातली एकही खरी नसते.

त्यानंतर विजेचे आकडे आधी आणि वागणुकीचे नंतर. सोलेनॉइडचा रोध मीटरने मोजायचा. जुन्या टोयोटात गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडचा रोध ११ ते १५ ओहम असावा असं पुस्तक सांगतं. संगणकाच्या टोकापासून मोजला आणि ‘अनंत’ आला, पण गिअरबॉक्सपाशी मोजला तेव्हा तेरा आला, तर दुखणं मधल्या वायरीत आहे. पाच मिनिटांचं हे काम पूर्ण गिअरबॉक्स वाचवू शकतं. मग आकडे पुसून गाडी फिरवायची आणि कोणता आकडा परत येतो ते बघायचं. जो लगेच परत येतो तो खरा पाहुणा. बाकीचे त्याच्याबरोबर आलेले.

आणि हेही सांगायला हवं, की कधीकधी गिअरबॉक्स खरोखरच गेलेला असतो. सेन्सर खरे बोलत आहेत, वायरी धड आहेत, प्रमाण चुकलेलं आहे, तेल काळं आहे आणि डिपस्टिकला करपट वास येतो. अशा वेळी गोड बोलून वेळ काढणाराही मिस्त्री खरा नव्हे. निदान म्हणजे स्वस्त उत्तर नव्हे, खरं उत्तर.

किल्ली कुणाच्या हाती?

भाषा एक झाली तरी शब्दकोश कुणाकडे हा प्रश्न उरलाच होता. अमेरिकेच्या १९९० च्या सुधारित हवा कायद्याने प्रदूषणाशी निगडित दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजनाही देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. पण खासगी आकडे, खास यंत्रं, गिअरबॉक्स बदलल्यावर संगणकाला नव्याने शिकवण्याची सोय, यांवरून ओढाताण चालूच राहिली. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘दुरुस्तीचा हक्क’ या प्रश्नावर मतदान झालं, आणि ८५ टक्क्यांहून अधिक मतं हक्काच्या बाजूने पडली. गाडी जी माहिती बिनतारी पाठवते तिच्यावर मालकाचा हक्क असावा, यासाठी २०२० मध्ये तिथेच पुन्हा मतदान झालं. तेव्हाही सुमारे तीन चतुर्थांश मतदार हक्काच्या बाजूने उभे राहिले.

आपल्याकडे हा दिवा कायद्याने आला तो १ एप्रिल २०१० रोजी, भारत स्टेज-४ च्या नियमांबरोबर. सुरुवातीच्या तेरा शहरांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. १ एप्रिल २०१३ पासून त्याचा दुसरा, अधिक कडक टप्पा लागू झाला. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओ ही क्लचविना चालणारी स्वस्त मोटार आणली आणि मध्यमवर्गाच्या घरात क्लच नसलेली गाडी दिसू लागली. तिची यंत्रणा वेगळी आहे. साध्याच गिअरबॉक्सवर क्लच दाबणारे आणि गिअर टाकणारे यांत्रिक हात बसवलेले. पण तिलाही संगणक आहे, सेन्सर आहेत आणि दिवाही आहे. त्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधणारी यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. कंपन्या त्या निकालाविरुद्ध दाद मागायला गेल्या. पण दोष वाचण्याचं यंत्र कुणाच्या हाती असावं, हा प्रश्न आपल्या देशातही एका निकालपत्रात लिहिला गेला, ही गोष्ट लहान नाही.

त्या पहिल्या क्लचविना गाड्या आता दहा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोहोचल्या आहेत. कुणा तरुणाने पहिल्या पगारातून घेतलेल्या, कुणा निवृत्त शिक्षकाने गुडघे दुखतात म्हणून घेतलेल्या. त्यांच्या डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा पेटेल, आणि कुणीतरी कागदावर एक मोठा आकडा लिहून देईल.

तेव्हा मंडळी, तो आकडा मान्य करण्याआधी तीन गोष्टी विचारा. दोषाचा नेमका क्रमांक कोणता, तो लिहून द्या. तो क्रमांक गिअरबॉक्सच्या संगणकातून वाचला, की नुसत्या इंजिनच्या? आणि वायर, जोड, बॅटरी आणि तेल तपासून झालं का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. तो तुम्हाला गाडीखाली वाकायला सांगेल आणि टॉर्च मारून जागा दाखवेल. आमच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तेच केलं होतं. हिरवा गंज चढलेल्या त्या पिना त्याने आम्हाला आधी दाखवल्या, आणि मगच ब्रश हातात घेतला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)